एक डिग्री, चार मिनिटं

आधीच सांगतो, म्हणजे खाली कोणी मला शहाणपण शिकवायला नको... मी असल्या गोष्टी मानणारा माणूस नाही. आमच्या गाडीला लिंबू-मिरची माझी बायको शुभांगी बांधते आणि मी दर शनिवारी तिची टिंगल करतो. या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी डबा खाताना मोबाइलवर वाचतो आणि मनात म्हणतो, 'अरे बाप्पा, आधी वायरिंग चेक कर!'

माझं कामच तसं आहे. नवा रायपूरला एका मोठ्या ऑफिस-इमारतीचा एसी माझ्याकडे आहे. कंट्रोल रूममध्ये बसायचं, कोणत्या मजल्यावर किती वाजता किती तापमान ठेवायचं ते कॉम्प्युटरवर लावायचं, आणि कोणी मध्ये बोट घातलं तर नोंदी उघडून चोर पकडायचा. सतरा वर्षं हेच करून राहिलो. 'सर, अपने आप हो गया' असं सांगणारे मला रोज भेटतात. आपोआप काही होत नसते. नोंद पाहिली की कोणीतरी हात लावलेला असतोच.

हे रक्तातच आहे म्हणा. बाबा रेल्वेत एसी डब्यांचे मेकॅनिक होते, गाडीसोबत जायचे. लहानपणी सुट्टीत दोन-तीनदा मी त्यांच्यासोबत गेलो. कोणी तक्रार केली, 'भैया, ठंडा बहुत है', तर दुसरा माणूस पॅनेलकडे पळाला असता. बाबा आधी अख्खा डबा चालून यायचे. कोणाच्या मांडीवर लेकरू आहे, कोण म्हातारं माणूस पांघरूण ओढून बसलंय, सगळं पाहायचे. मग येऊन तापमान एक डिग्री बदलायचे. एकच. घड्याळ पाहून चार मिनिटं थांबायचे, पुन्हा चक्कर मारायचे, मग पुढची डिग्री. मी कंटाळून म्हणायचो, "बाबा, एकदमच करा ना!"

तर म्हणायचे, "मशीन सांगते थे तिच्या नाकाजवळचं. माणसाच्या नाकाजवळचं आपल्याले जाऊन पाहा लागते."

रिटायर झाल्यावर डबे गेले, पण खोड गेली नाही. रायपूरच्या तात्यापारा मोहल्ल्यातल्या आमच्या घरी खिडकीत कुलर होता. आई-बाबांचं जेवण साडेबाराला, मग आई आडवी व्हायची, आणि बरोब्बर एक वाजून दहा मिनिटांनी बाबा कुलरपाशी. फास्टवरून मीडियम... चार मिनिटं. मीडियमवरून स्लो... चार मिनिटं. मग खिडकीची फट किती उघडी ठेवायची ते. आई डोळे मिटल्या मिटल्या ओरडायची, "किती बोटं लावता हो त्या कुलरले! झोपा आता." आणि त्यांचं होईस्तोवर घोरायला लागायची.

गेल्या नवरात्राच्या आधी बाबा गेले. झोपेतच. आईला मी रायपूरच्याच कचना भागातल्या आमच्या फ्लॅटवर घेऊन आलो. ती यायला तयार नव्हती, पण एकटं राहण्यासारखी तब्येत नव्हती. बीपी एकदम खाली जाते तिचं. तात्यापाऱ्यात एकदा न्हाणीच्या दारात चक्कर येऊन पडली, शेजारचे होते म्हणून निभावलं. डॉक्टरांनी सांगितलं, यांना एकटं ठेवू नका, उन्हाळ्यात तर मुळीच नाही.

हिवाळाभर ती आमच्याकडे छान राहिली. माझी मुलगी ईरा, अकरावीत आहे, तिला मराठी सगळं समजते पण उत्तर हिंदीत देते. दोघींची जोडी जमली. "आजी, आप ना एकदम क्यूट हो," असं ती म्हणायची आणि आई मला विचारायची, "क्यूट म्हणजे शिवी नाही ना बाप्पा?"

मग आला उन्हाळा. रायपूरचा उन्हाळा काय असतो ते इथल्यांना सांगायला नको, बाहेरच्यांनी एकदा एप्रिलमध्ये दुपारी येऊन पहावा.

आमच्या फ्लॅटमध्ये बिल्डरनेच सगळ्या खोल्यांना मिळून एक एसी दिलाय. छतातून हवा येते आणि हॉलच्या भिंतीवर एक थर्मोस्टॅट आहे, तळहाताएवढी काळी काच. समोर कोणी हातभर अंतरावर उभं राहिलं की स्क्रीन आपोआप लागते, नाहीतर बंद. त्यात दिवसाचे चार टप्पे लावता येतात — 'सकाळ', 'बाहेर', 'परत' आणि 'झोप'. प्रत्येकाला वेळ द्यायची, तापमान द्यायचं. मध्येच कोणी हाताने बदललं तर तो बदल पुढचा टप्पा येईपर्यंतच टिकतो, मग गाडी पुन्हा रुळावर.

गुढीपाडव्याच्या सुट्टीत मी ते लावायला बसलो. माझ्यासाठी हे म्हणजे हातचा मळ! सकाळी चोवीस. साडेनऊपर्यंत आम्ही तिघं घराबाहेर पडतो... मी, शाळेत शिकवणारी शुभांगी, आणि ईरा. तेव्हा साडेनऊ ते साडेपाच 'बाहेर', तीस डिग्री. साडेपाचला 'परत', पुन्हा चोवीस. रात्री 'झोप', सव्वीस. ऑफिसच्या इमारतीत लावतो अगदी तसंच. दहा मिनिटांत काम फत्ते.

आई मागे उभी राहून पाहत होती. मी मोठ्या ऐटीत सांगितलं, "आई, आता तुला कशालाच हात लावायचा नाही. मशीनला सगळं माहीत आहे."

"बरं बाप्पा," आई म्हणाली.

त्यानंतर आठेक दिवसांत आईचं चित्त उडालं. जेवण अर्ध्यावर आलं. संध्याकाळी आम्ही परतलो की ती दमलेली, चेहरा उतरलेला. विचारलं की, "काही नाही, दुपारी डोया लागत नाही." मला वाटलं बाबांची आठवण. मग एका रविवारी तिने जाहीर केलं, "मले तात्यापाऱ्यात नेऊन दे."

"काहून? इथं काय कमी आहे?"

"कमी काही नाही. अक्तीले त्यांची पहिली घागर हाय. थे मी माह्या घरीच भरीन. आन् मंग तिथंच राहीन."

अक्ती म्हणजे अक्षय तृतीया, इथे सगळे तसंच म्हणतात. आमच्या वऱ्हाडी लोकांत त्या दिवशी घरातून गेलेल्यांच्या नावाने पाण्याची घागर भरतात. ऐन उन्हाच्या तोंडावर त्यांना थंड पाणी पोचावं म्हणून. पहिल्या वर्षाच्या घागरीचं महत्त्व फार. ते मला मान्य होतं. पण 'तिथंच राहीन'? एकटी? एप्रिल-मेमध्ये? मी चिडलो, समजावलं, शुभांगीने समजावलं. ऐकेल तर आई कसली!

"मी असली काय, नसली काय, या घराले काही फरक पडते का?" ती म्हणाली.

हे वाक्य मला फार लागलं. मी म्हणालो, "म्हणजे आम्ही तुला विचारत नाही का?" मला तिच्या बोलण्यात फक्त टोमणा ऐकू आला, दुसरं काही नाही. इतका हुशार मी.

आता मूळ गोष्ट.

अक्षय तृतीयेला दोनेक आठवडे होते. ऑफिसमध्ये डबा खाता खाता सवयीने मोबाइलवर घरच्या थर्मोस्टॅटच्या नोंदी उघडल्या. पाहतो तर दुपारी कोणीतरी तापमान तीसवरून सव्वीसवर आणलेलं. नोंदीत लिहिलेलं — 'भिंतीवरील पॅनेल, हाताने.' म्हणजे मोबाइलवरून नाही, समोर उभं राहून. आदल्या दिवशीही तेच. त्याच्या आदल्या दिवशीही.

घरी जाऊन मी आईला विचारलं. खरं सांगायचं तर विचारलं नाही, झाडाझडतीच घेतली.

"मी काहून हात लावू?" आई म्हणाली. "तूच तं नको म्हणला."

मग सकाळी भांड्यांना येणाऱ्या सावित्री दीदींना विचारलं. त्या म्हणाल्या, "हव भैया, मैं तो ग्यारह बजे निकल जाथों. वो काँच ला तो मैं पोंछती तक नहीं, डर लगथे." शुभांगी शाळेत. ईरा तिच्या शाळेत. तिला विचारलं तर म्हणाली, "पापा, मैं वहाँ से कैसे हाथ लगाऊँगी? भूत हूँ क्या?"

म्हणजे राहिली आई. मला वाटलं, ती करते आणि लपवते. राग तापमानाचा नव्हता, राग लपवण्याचा होता. तेव्हा मी जे केलं ते लिहायला आजही लाज वाटते... मी थर्मोस्टॅटला पिन लावला. चार आकडी कुलूप. आकडे कोणालाच सांगितले नाहीत, शुभांगीलाही नाही. आई सोफ्यावर बसून पाहत होती.

"कुलूप लावून राहिला काय?" तिने विचारलं.

"हो. म्हणजे कोण लावते ते कळेल."

आई उठून आपल्या खोलीत गेली. थोड्या वेळाने मी डोकावलो तर तिची कापडी पिशवी पलंगावर, आणि ती एकेक लुगडं घडी करून आत ठेवत होती. सर्वांत वर बाबांचा फोटो, टॉवेलात गुंडाळून. पिशवी भरून तिने दाराच्या खुंटीला टांगली. अक्षय तृतीयेला नऊ दिवस होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी नोंद उघडली. तीसवरून सव्वीस. भिंतीवरील पॅनेल, हाताने. पिन — बरोबर.

मी घरचं वाय-फाय त्या यंत्रावरून काढून टाकलं. म्हटलं बाहेरून कोणी घुसत असेल. त्याने फक्त नोंदी मोबाइलवर येणं बंद झालं, रोज संध्याकाळी पॅनेलवरच पाहाव्या लागल्या. फरक शून्य. बसवणाऱ्या मेकॅनिकला बोलावलं, त्याने "व्होल्टेज का लोचा है भैया" म्हणत अख्खं सर्किट बदललं. मी पिन बदलला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच! मला माझ्या कामाचा अपमान वाटायला लागला. सतरा वर्षं लोकांच्या नोंदी वाचून चोर पकडतो आणि माझ्याच हॉलमध्ये मला कोणी सापडत नाही.

अक्षय तृतीयेला तीन दिवस राहिले तेव्हा मी त्या सगळ्या नोंदी वहीत उतरवून ऑफिसात नेल्या. आतापर्यंत मी फक्त सुरुवात आणि शेवट पाहत होतो, तीस आणि सव्वीस. मधल्या ओळी वाचल्याच नव्हत्या. डबा उघडून एका हाताने वही धरली.

एक वाजून दहा — एकोणतीस. एक चौदा — अठ्ठावीस. एक अठरा — सत्तावीस. एक बावीस — सव्वीस.

आदल्या दिवशी? एक दहा, एक चौदा, एक अठरा, एक बावीस. त्याच्या आदल्या दिवशी? तेच.

जगात कोणी थर्मोस्टॅट असा लावत नाही हो! माणूस बटण दाबत जातो — टक टक टक टक, झालं. एक डिग्री, चार मिनिटं... मग एक डिग्री, चार मिनिटं... हे करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिलाय.

घास तोंडातच राहिला. सोबतचा म्हणाला, "क्या हुआ सर, मिर्ची लगी क्या?" मी म्हटलं हो. डोळे पुसले. मग स्वतःलाच रागावलो — काय मूर्खपणा करून राहिला बे तू, इंजिनिअरिंगचा डिप्लोमा आहे तुझ्याकडे.

पण दुसऱ्या दिवशी अर्धी सुट्टी टाकली. घरी कोणालाच सांगितलं नाही.

पावणेएकला पोचलो. माझ्याकडच्या किल्लीने दार उघडलं. आत पाऊल टाकल्याबरोबर जाणवलं ते म्हणजे कोंदट ऊब. हॉलमध्ये तसं सहन होण्यासारखं होतं. आईच्या खोलीत गेलो, तर आई नाही. तिची खोली पश्चिमेला, भिंतीला हात लावला तर तवा. पंखा फुल्ल फिरत होता आणि गरम हवाच खाली फेकत होता. कामाच्या सवयीने खिशात छोटा तापमापक असतो, तो काढला. चौतीसच्या वर.

"आई?"

"हव, इथं हाय."

न्हाणीच्या बाहेरच्या बोळात, फरशीवर, भिंतीच्या टाइल्सला पाठ लावून आई बसली होती. डोक्यावर ओला पंचा. बाबांचाच. बाजूला तांब्या.

"अवं माय, तू आज लवकर कसा? बरं नाही काय?"

"आई... इथं काहून बसली?"

"टाइल्स थंड राहते ना. रोज बसते मी. थोडाच वेळ."

आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. 'बाहेर.' साडेनऊ ते साडेपाच 'बाहेर' — तीस डिग्री — घरात कोणी नाही. मी हे स्वतःच्या हाताने लावलं होतं. मी माणसं मोजली तेव्हा तिघं मोजली. चौथी माझ्या पाठीमागे उभी होती. आणि थर्मोस्टॅट मोजणार हॉलमधलं तापमान, तो तीस दाखवत समाधानी. आईच्या नाकाजवळ काय आहे ते त्याला कुठून कळणार? आणि मी तर जाऊन पाहिलंच नाही. एवढी शिकवण, एवढी वर्षं, आणि सख्ख्या आईला मी रिकाम्या घरात धरलं.

मी तिच्याजवळ फरशीवर बसलो. "मला सांगितलं काहून नाही?"

"काय सांगू?" आई सहज म्हणाली. "तू म्हणला मशीनले सगळं माहीत हाय. मी म्हणलं, माहीत हाय तं बरोबरच असन. तुम्ही घरी नसले की त्याले पण सुट्टी असन बाप्पा."

एवढ्या साधेपणाने म्हणाली की मला तिच्याकडे पाहवेना. मी उठलो, म्हटलं आधी ते तीस बदलतो, मग काय रडायचं ते रडतो.

हॉलच्या दारात पोचलो आणि थांबलो. थर्मोस्टॅट माझ्यापासून आठ-दहा फूट. स्क्रीन लागली.

मी पुन्हा सांगतो, ती स्क्रीन समोर हातभर अंतरावर कोणी उभं राहिल्याशिवाय लागत नाही. हॉल रिकामा होता. पडदे ओढलेले, दार लावलेलं. पिनची चार घरं दिसली. एक भरलं. दुसरं. तिसरं. चौथं. घाई काही नाही... जसं कोणी चष्मा न लावता अंदाजाने एकेक आकडा शोधून दाबतंय. मग आकडा बदलला.

एकोणतीस.

भिंतीवरच्या घड्याळात एक वाजून दहा.

छतातून हलका आवाज आला, हवा सुरू झाली. मी हललो नाही. भीती वाटली का? तुम्ही हाच प्रश्न विचारणार, म्हणून सांगतो — नाही वाटली. पुढे जावंसं वाटलं नाही एवढंच. बाबा काम करत असताना मी मध्ये घुसलो की ते कोपराने बाजूला सारायचे, "थांब ना रे, उजेड अडवू नको." मी दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिलो, लहानपणी डब्याच्या दारात राहायचो तसा.

स्क्रीन लागलेलीच होती. चार मिनिटं फार मोठी असतात, उभं राहून पाहा कधी. एक चौदा — अठ्ठावीस.

मागून आईचा आवाज आला, "झालं वाटते सुरू?" ती भिंतीला धरून उठली, पंचा खांद्यावर टाकला. "रोज याच टायमाले होते. आता झोप लागते मले. पहिले पंधरा दिवस नव्हतं होत, मंग तूच लावलं ना ऑफिसातून? मी म्हणलं, पोट्टा बापासारखाच टाइम पाळून राहिला."

मी म्हणालो, "हो, आई."

आयुष्यात असं निर्लज्ज खोटं मी कधी बोललो नसेन. तिने माझ्या तोंडाकडे क्षणभर पाहिलं, माझ्या दंडावर थोपटलं आणि खोलीत गेली. तिला हॉलमधली ती काच दिसत नव्हती, मी मध्ये उभा होतो.

एक अठरा — सत्तावीस. एक बावीस — सव्वीस.

खोलीतून घोरण्याचा आवाज यायला लागला तेव्हा स्क्रीन बंद झाली.

मी तिथेच खाली बसलो. पोटभर रडलो, आवाज न करता, आईची झोप मोडू नये म्हणून. बाबा गेले तेव्हाही इतका रडलो नव्हतो. तेव्हा लाकडं, मडकं, पाहुणे... वेळ कुठे मिळाला!

मग उठलो, तोंड धुतलं आणि थर्मोस्टॅटसमोर उभा राहिलो. पिन काढून टाकला, कायमचा. 'बाहेर' हा टप्पा पुसला. आईच्या खोलीसाठी एक जादाचा सेन्सर ऑफिसच्या ओळखीच्या दुकानातून मागवला, म्हणजे तापमान तिच्या उशीपाशी मोजलं जाईल. तो येईपर्यंत दुपारसाठी नवा टप्पा लावला. मी एकदम सव्वीस लावत होतो, पण बोट थांबलं. एक दहाला एकोणतीस, एक चौदाला अठ्ठावीस... असे छोटे छोटे टप्पे त्या यंत्रात बसत नाहीत. शेवटी सकाळपासूनच सत्तावीस ठेवलं, आणि एक दहाला सव्वीस. टप्प्याला नाव द्यायची सोय आहे. तिथे लिहिलं, 'आई घरी'.

संध्याकाळी आई उठली तेव्हा मी तिच्याजवळ बसून सगळं कबूल केलं. म्हणजे 'बाहेर'ची चूक. बाकीचं नाही. "आई, मी तुला मोजायलाच विसरलो. माफ कर."

आई हसली. "लहानपणी पण तसाच होता. खेळताना पोट्टे मोजायले सांगितलं की स्वतःले सोडून मोजे, आन् एक पोट्टा कमी पडे." मग पदराने माझा चेहरा पुसला, सेहेचाळीस वर्षांच्या माणसाचा. पण पिशवी खुंटीवरच होती. आणि ती काढ म्हणायची माझी हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी शनिवार, मी घरीच. एक वाजायच्या आधीच हॉलमध्ये पेपर धरून बसलो. खरं तर वाचत काहीच नव्हतो. आई जेवून खोलीत गेली होती. एक दहाला यंत्राने स्वतःच, लावल्याप्रमाणे, सव्वीस केलं. आणि त्याच मिनिटाला स्क्रीन लागली.

मी श्वास धरून पाहत राहिलो. आकडा बदलला नाही. पंचवीस नाही, सत्तावीस नाही. नुसती स्क्रीन लागलेली, त्यावर 'आई घरी' आणि सव्वीस. चार मिनिटं तशीच राहिली. आईच्या खोलीचं दार थोडं हललं, अगदी बोटभर. एसीच्या हवेने हललं असेल, मान्य. मग पुन्हा स्क्रीनवर तेच, आणखी चार मिनिटं. मग ती शांतपणे बंद झाली.

बाबा डब्यातून शेवटची चक्कर अशीच मारायचे. सगळं ठीक असलं की काही न बदलता परत यायचे, आणि म्हणायचे, "हां. आता झोपू दे लोकांले."

त्यानंतर कधीच नाही. आज इतके महिने झाले, नोंदीत 'हाताने' अशी एकही ओळ नाही.

अक्षय तृतीयेला सकाळी मी गाडीची किल्ली घेऊन तयार झालो. म्हटलं, जायचंच असेल तर घागर भरून, चार तास थांबून, हात जोडून परत आणू. आई न्हाऊन बाहेर आली आणि म्हणाली, "कुठं चालला? गोलबाजारातून मडकं आण एक. लाल पाहून घे, ठोकून घे."

"तात्यापाऱ्यात नाही जायचं?"

"काहून जाऊ? थे पिशवी तेवढी माळ्यावर टाकून दे. खुंटी अडवून राहिली उगाच."

मी मडकं आणलं. शुभांगीने आंब्याचा रस केला, चिंच-गुळाची चिंचवणी केली. ईराने आजीला विचारून विचारून मडक्याच्या गळ्याला दोरा गुंडाळला. आईने पाणी भरलं, वर आंबा ठेवला, आणि घागर उचलायला मला हाक मारली. मला वाटलं, देवघरापाशी ठेवायची. ती हॉलमध्ये आली आणि त्या काळ्या काचेच्या बरोबर खाली तिने पाट मांडला.

"इथं ठेव."

"इथं? आई, इथं काहून?"

आईने पदर डोक्यावर घेतला. "रोज उन्हाचं आले ना थे. हाताशी पाणी असू दे त्यांच्या."

मी तिला काही सांगितलं नव्हतं. शपथेवर सांगतो, त्या काचेबद्दल, नोंदींबद्दल, चार मिनिटांबद्दल एक अक्षरही नाही. शुभांगीला तर आज हे वाचूनच कळेल. मी घागर ठेवली आणि नमस्काराला वाकलो तो बराच वेळ उठलो नाही.

आता तुमचं सुरू होईल. पाल असेल — पालीने स्क्रीन लागू शकते, मान्य, पण पाल पिन टाकत नाही. सर्किट खराब असेल — बदललं होतं. तुम्हीच झोपेत करत असाल — मी तेव्हा वीस किलोमीटर दूर डबा खात होतो. आई करत असेल? त्या शुक्रवारी ती माझ्या मागे उभी होती, आणि नवा पिन फक्त माझ्या डोक्यात होता. सगळे प्रश्न स्वतःला विचारून झाले आहेत, ते बदललेलं सर्किटही कपाटात ठेवलंय, कोणाला तपासायचं असेल तर या. मला उत्तर मिळालेलं नाही आणि खरं सांगू, मी आता शोधत पण नाही.

एकच सांगतो, आणि हे मी एसीवाला म्हणून सांगतो. तुमच्या घरी असं यंत्र असेल आणि दिवसा कोणी म्हातारं माणूस घरी असेल, तर हे वाचून झाल्यावर उठा आणि त्यांच्या खोलीत जाऊन पाच मिनिटं बसून या. मोबाइलवरून पाहू नका. जाऊन बसा.

आई आत्ता झोपली आहे. एक वाजून पंचवीस झालेत. मडकं अजून तिथेच आहे, रोज सकाळी ती त्यात ताजं पाणी भरते.